पातं सकाळीच का तुटतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी सॉ मिलमधल्या, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीतल्या, भुसा ओढणाऱ्या पोरापासून सॉ मिलची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीपर्यंतचा माझा प्रवास थोडक्यात लिहिला होता. त्यावर पुष्कळ पत्रं आली. एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला असेल तिथे एकच पत्र घेतलं आहे. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण काहींनी आपला विचार अजून मालकाच्या कानावर घातलेला नाही.

काका, मी २४ वर्षांचा आहे. सहा वर्षं एका सॉ मिलमध्ये पाती उतरवणं, धार लावणं, चढवणं एवढंच करतो. वेल्डिंग येतं, लेथवर थोडा हात बसलाय. मला स्वतः बँडसॉ मशीन, म्हणजे दोन चाकांवर पातं फिरवणारी पट्टा करवत, बनवायचंय, पण पदवी नाही. घरचे म्हणतात, धार लावणाऱ्याने धारच लावावी. तुम्ही नेमकी सुरुवात कुठून केलीत?

पत्रातलं ते ‘एवढंच’ आधी खोडून टाक बाळा. सहा वर्षं पात्याला हात लावलेला माणूस मशीनबद्दल जे जाणतो, ते कागदावर नुसतं मशीन पाहिलेल्याला कळायला फार वेळ लागतो.

मी सोळाव्या वर्षी लागलो. दोन वर्षं भुसा ओढला. मग धारवाल्या मिस्त्रींनी हातात कानस दिली. दात घासायच्या आधी ते मला पात्यावरून उलटं बोट फिरवायला लावायचे आणि विचारायचे, ‘कोणता दात कमी बोलतोय?’ चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि पुढची नऊ वर्षं फिटर म्हणून वेगवेगळ्या गिरण्यांची मशीन दुरुस्त करत फिरलो. माझी खरी सुरुवात या नऊ वर्षांत झाली, आणि ती एका वहीमुळे झाली.

वहीत मी चार गोष्टी लिहायचो: तारीख, मशीन कोणतं, काय मोडलं आणि किती वाजता मोडलं. वेळ लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. बोलावणं कधी आलं याचा हिशेब द्यावा लागायचा, म्हणून लिहायचो. वर्षभराने वही चाळताना एक गोष्ट डोळ्यात भरली. एका ठरावीक बनावटीच्या मशीनवर पाती तुटायची ती बहुतेक सकाळच्या पहिल्या तासात. दुपारी क्वचित. कामगार म्हणायचे, गार पातं ठिसूळ असतं. मुकादम म्हणायचा, तुझं वेल्डिंग कच्चं. पण जोड शाबूत असायचा. पातं तुटायचं ते दाताच्या बुडाच्या खाचेपासून.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी मशीनपाशी थांबलो. पातं चांगलंच तापलं होतं, पाठीवर हात ठेवून घेत नव्हतं. लाकडी मुठीने त्यावर टिचकी मारली तर आवाज आला ‘थप्प’. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन त्याच जागी तशीच टिचकी मारली. आवाज आला ‘टण्ण’, सतारीच्या तारेसारखा. रात्रभर कुणी मशीनला हात लावला नव्हता, तरी पातं ताणलं गेलं होतं.

आता हिशेब बघ. पोलाद तापलं की दर मीटरला, दर अंशाला मिलिमीटरचा साधारण ०.०१२ भाग लांबतं. सहा मीटरचं पातं ३० अंशांनी तापलं तर जवळजवळ २ मिलिमीटर लांबलं. दिवसभर ते सैल पडलं की ऑपरेटर स्क्रू आवळतो. संध्याकाळी काम थांबलं, पातं गार झालं, आखडायला लागलं. पण त्या मशीनचं वरचं चाक नुसत्या स्क्रूवर उभं होतं. ना स्प्रिंग, ना वजन. चाक जागचं हलेना, तेव्हा सगळा ताण पात्याने रात्रभर सोसायचा. खाचेत डोळ्याला न दिसणारी चीर असली तर ती तिथे उघडायची आणि सकाळच्या पहिल्या ओंडक्याला पातं जायचं.

उपाय साधा होता. घरी जाताना स्क्रू सैल करायचा, सकाळी पुन्हा ताण द्यायचा. तेवढ्याने सकाळची बोलावणी बंदच झाली म्हण. जुन्या मोठ्या मशीनवर तरफेला वजन लटकवलेलं का असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पातं लांबलं की वजन चाक वर उचलतं, आखडलं की खाली येऊ देतं. पुढे माझ्या पहिल्या मशीनचं डिझाइन करायला बसलो, तेव्हा कोरा कागद समोर नव्हता. ती वही होती.

तुझ्या घरच्यांना दोन माणसांबद्दल सांग. हेन्री डिस्टन १८३३ मध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. करवती बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली, १८४० मध्ये स्वतःचं काम सुरू केलं आणि १८५५ मध्ये करवतींसाठी लागणारं पोलादही स्वतः ओतायला लागला. दुसरा जो कॉक्स, अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला लाकूडतोड्या. त्या काळच्या चेन-सॉच्या साखळ्यांना धार करण्यातच बराच वेळ जायचा. १९४६ मध्ये त्याला एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती लाकूड आडवं-उभं सारखंच खात होती. तिचा जबडा डावीकडे एक, उजवीकडे एक असा वळलेला होता. कॉक्सने साखळीचे दात त्या घाटाचे केले आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आजच्या चेन-सॉच्या साखळीतही तेच तत्त्व आहे. दोघेही करवतीजवळ उभं राहून शिकलेले.

पदवी नाही म्हणून अडेल का, तर काही ठिकाणी अडेल. चाकाच्या शाफ्टची, म्हणजे आसाची, जाडी, बेअरिंगची निवड, मोटरची ताकद, इथे अंदाज चालत नाही. ते शिकून घे, नाहीतर शिकलेल्या माणसाला सोबत घे. मी ते उशिरा केलं. त्याची किंमत काय पडली, ते पुढच्या उत्तरात वाच.

तुमचं पहिलं मशीन कसं निघालं? खरं सांगा.

पाच आठवडे उत्तम चाललं. मग वरच्या चाकाचा शाफ्ट तुटला.

निरोप आला तेव्हा मी जेवत होतो, तसाच उठलो. चाक एका बाजूला कललेलं, पातं त्याला रेषेत धरणाऱ्या गाईडमध्ये चुरगळून अडकलेलं. चाकावर मी जाड पत्र्याचं झाकण केलं होतं, म्हणून कुणाला लागलं नाही. त्या झाकणाला आतून आलेला पोचा मी कितीतरी वेळ हाताने चाचपत होतो.

तुटलेला शाफ्ट घरी आणून रॉकेलने धुतला आणि दिव्याखाली धरला. अर्ध्याहून जास्त तोंड गुळगुळीत होतं आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा अर्धगोल रेषा. उरलेला भाग दाणेदार, चमकणारा. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू पुढे सरकलेली चीर, दाणेदार म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. सगळ्या रेषांचं मूळ एकाच जागी होतं: शाफ्टची जाडी जिथे कमी होते त्या खांद्याच्या कोपऱ्यात. तो कोपरा मी लेथवर अगदी काटकोनात, धारदार काढला होता. दिसायला सुंदर दिसायचा.

मिनिटाला ६०० फेरे म्हणजे तासाला ३६,०००. दर फेऱ्याला शाफ्टच्या त्या कोपऱ्यावर एकदा ताण, एकदा दाब. आठ तासांचा दिवस धरला तर २,८८,००० वेळा. ३० दिवसांत ८६ लाखांच्या वर. वर पात्याचा ताण आहेच. १०० मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड पातं नीट ताणलं की दोन्ही बाजू मिळून चाकावर सुमारे दोन टनांचा ओढा येतो. अशा जागी धारदार कोपरा ठेवणं म्हणजे चीर कुठून सुरू करायची ते आपणच पोलादाला दाखवणं.

नवीन शाफ्ट केला. खांद्याला ५ मिलिमीटरची गोलाई दिली आणि तो भाग पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला. ग्राहकाला सांगितलं की चूक माझी आहे, दुसरा शाफ्ट आणि पातं माझ्याकडून. आणि जितके दिवस मशीन बंद राहिलं तितके दिवस त्यांचे ओंडके मी दुसऱ्या गिरणीत माझ्या खर्चाने कापून दिले. ते गृहस्थ त्यानंतर बावीस वर्षं माझ्याकडूनच मशीन घेत आले.

मी एका सॉ मिलमध्ये हिशेब पाहते. आमच्या फळ्या नागमोडी निघतात, एकच फळी मध्ये जाड आणि टोकाला बारीक. माल परत येतो. ऑपरेटर म्हणतो मशीन खराब, मशीनवाले म्हणतात ऑपरेटर खराब. मला यंत्रातलं कळत नाही. मी काय करू शकते?

ताई, तुम्हीच करू शकता, कारण नोंद ठेवणं हे तुमचं रोजचं काम आहे. आठवडाभर फक्त दोन गोष्टी लिहून ठेवायला सांगा. पातं किती वाजता चढवलं आणि पहिली नागमोडी फळी किती वाजता निघाली.

पहिल्याच ओंडक्यापासून फळी बिघडत असेल तर दोष चढवण्यात किंवा दात फाकवण्यात आहे. दात एकाआड एक डावी-उजवीकडे फाकवलेले असतात. एका बाजूला जास्त फाकले असतील तर पातं त्या बाजूला ओढलं जातं आणि कट दर वेळी एकाच दिशेला जातो. पातं काढून दोन्ही बाजूंचे दात गेजने मोजायला सांगा, दहा-बारा तरी. चाकं आणि गाईड एका रेषेत आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

फळी तास-दीड तास चांगली निघून मग बिघडत असेल तर धार गेली आहे, किंवा पातं तापून सैल पडतंय. बोथट दात कापत नाही, रेटतो. रेटा वाढला की पातं वर किंवा खाली पळवाट शोधतं आणि लाट तयार होते. पातं दोन तासांनी बदलत असतील तर दीड तासाने बदलून बघा. चिकट लाकूड असेल तर पात्यावर राळेचा थर बसतो, त्यानेही असंच होतं. अशा वेळी पात्यावर पाण्याची बारीक धार सोडतात.

आणि फळी फक्त रुंद ओंडक्यांवर किंवा गाठी असलेल्या लाकडातच बिघडत असेल, तर ओंडका पुढे सरकवण्याचा वेग बघा. गाईडही बघा. हलणारा गाईड ओंडक्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा असतो. घाईत ऑपरेटर तो लांबच ठेवतात, मग मधलं उघडं पातं थरथरतं.

आठवड्याच्या नोंदी घेऊन मशीनवाल्यांना फोन करा. ‘मशीन खराब आहे’ म्हटलं की ते टाळतात. ‘पातं चढवल्यावर एक तास दहा मिनिटांनी लाट सुरू होते’ म्हटलं की आमच्यासारख्या माणसाला उठून यावंच लागतं.

गोल करवत की पट्टा करवत? नव्या माणसाने कोणतं मशीन बनवायला घ्यावं?

गोल करवत बनवायला सोपी, दणकट, धार लावायलाही सोपी. पण लाकूड खाते. ३०० मिलिमीटरच्या चौरस ठोकळ्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत असं धरा. करवतीचा कट, म्हणजे भुसा होऊन जाणारी रुंदी, ६ मिलिमीटरचा असेल तर ९ फळ्या निघतात. पट्टा करवतीचा कट २ मिलिमीटरचा असेल तर ११. त्या दोन फळ्या भुश्यात जातात की गाडीत चढतात, एवढाच फरक आहे, आणि तो दर ठोकळ्याला आहे. मी पट्टा करवत निवडली ती यासाठी.

मात्र पट्ट्याचं सगळं नाजूक. चाकावरून जाताना पातं वाकतं, पुन्हा सरळ होतं. १ मीटरची चाकं ६०० फेऱ्यांनी फिरली तर पातं सेकंदाला ३१ मीटर धावतं. सहा मीटरचं पातं म्हणजे सेकंदाला पाच चकरा, प्रत्येक चकरेत दोन वाकणी. तासाला ३६,०००. म्हणून जुने लोक सांगत आले की पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नको: १ मीटरच्या चाकाला १ मिलिमीटर. जाड पातं टिकाऊ असेल असं वाटून लहान चाकावर चढवणारे मी बरेच पाहिले. ते लवकर तुटतं.

या मशीनचा इतिहासही नव्या माणसाने लक्षात ठेवावा. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने पट्टा करवतीचं पेटंट १८०८ मध्येच घेतलं होतं. पण वाकून-वाकून जोड टिकेना, म्हणून ती कल्पना तशीच पडून राहिली. १८४६ मध्ये अॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने पात्याचा जोड पक्का करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर हे मशीन खऱ्या अर्थाने कामाला लागलं. अडतीस वर्षं सगळं अडलं होतं बोटभर जोडापाशी. तुम्हाला वेल्डिंग येत असेल तर ते आणखी पक्कं करा. जोड झाल्यावर तो भाग पुन्हा तापवून सावकाश गार होऊ द्यायला विसरू नका, नाहीतर जोड काचेसारखा ठिसूळ राहतो.

माझा मुलगा पंधरा वर्षं मशीन दुरुस्तीच्या नोकरीत आहे. आता ती सोडून सॉ मिलची मशीन बनवायचा कारखाना काढायचा म्हणतो. दोन लहान मुलं आहेत. आई म्हणून मी काय सांगू?

आई, त्याला एवढंच विचारा: पहिलं मशीन कुणासाठी बनवतो आहेस? ‘कुणीतरी घेईल’ असं उत्तर आलं तर नोकरी चालू राहू दे. एखाद्या गिरणीमालकाचं नाव घेतलं, जो त्याला ओळखतो, ज्याच्याकडे त्याने अडल्या वेळी काम केलं आहे आणि जो पैसे टप्प्याटप्प्याने द्यायला तयार आहे, तर जाऊ द्या. मी दुरुस्तीचं काम पहिली सहा वर्षं सोडलं नव्हतं. घर दुरुस्तीवर चालायचं, मशीनचे पैसे मशीनमध्ये जायचे.

पाच मशीनची आगाऊ रक्कम एकदम घेऊ नको, असं त्याला माझ्या वतीने सांगा. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या कारागिराने तसं केलं. पहिल्या मशीनमधली चूक कळेपर्यंत पाचही सांगाडे उभे राहिले होते, आणि चूक पाचांमध्येही होती.

दुकान आणि कंपनी यात फरक काय? मीही चार मशीन बनवली आहेत, पण मला अजून कारागीरच म्हणतात.

कारागीर म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. पण तुमचा प्रश्न मला नीट कळतो, कारण हाच प्रश्न मला एका ग्राहकाने न बोलता विचारला होता.

माझी पहिली सहा मशीन मी एकेक करून बनवली. प्रत्येक आधीच्यापेक्षा बरं. बेअरिंगचं घर प्रत्येक वेळी हाताने जुळवून, त्या-त्या शाफ्टला बसेल असं बोअर करायचो. मला त्याचा अभिमान होता. एक दिवस तिसऱ्या मशीनचा मालक बेअरिंगचं घर मागायला स्वतः आला. कटाईचा ऐन हंगाम, मशीन बंद. माझ्याकडे पाचव्या मशीनसाठी केलेलं घर तयार होतं. ते त्याला दिलं. चार तासांनी तो परत आला. त्याने ते फडक्यात गुंडाळून आणलं होतं. काही न बोलता टेबलावर ठेवलं. बसत नव्हतं. बोल्टची भोकं दीड मिलिमीटरने इकडे-तिकडे होती.

मी ते घर उचलून त्याच्या मशीनवर गेलो आणि रात्री दोनपर्यंत कानस मारून बसवलं. परत येताना ठरवलं की आता सातवं मशीन सुरू करायचं नाही. दोन महिने एकही नवीन ऑर्डर घेतली नाही. कारखान्यातून निवृत्त झालेले एक ड्राफ्ट्समन शोधून काढले. ते टेबलाच्या त्या बाजूला बसायचे, मी या बाजूला, आणि एकेका भागाचं माप कागदावर यायचं. माप, त्यात किती मिलिमीटर कमी-जास्त चालेल, कोणतं पोलाद, कोपऱ्याची गोलाई किती. १६३ कागद झाले. मग भोकं पाडायला जिग केले, म्हणजे कोणाच्याही हातून पडलं तरी भोक त्याच जागी पडेल. माझ्या हातच्या कौशल्याला त्यात काही जागाच उरली नाही, आणि त्याचं सुरुवातीला फार वाईट वाटलं.

सातव्या मशीनपासून दर मशीनसोबत बेअरिंगची एक जादा जोडी, एक बेअरिंगचं घर आणि गाईडचा एक सेट द्यायला लागलो. पहिल्या सहा ग्राहकांची मशीनही हळूहळू त्या मापांवर आणली. त्याला तीन वर्षं लागली.

तेव्हा तुमच्या चार मशीनपैकी पहिल्याचा एखादा भाग काढा आणि चौथ्यावर लावून बघा. बसला का, मला पुढच्या पत्रात कळवा.

मशीन बंद केल्यावर चाकं किती वेळ फिरत राहतात? आमच्याकडे दार लगेच उघडतात.

मोठी चाकं काही मिनिटं फिरत राहतात, आणि गिरणीच्या आवाजात ती फिरतायत हे ऐकू येत नाही. दार लगेच उघडू देऊ नका. आमच्या मशीनला मी बाराव्या नगापासून ब्रेक लावला आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत दार उघडणार नाही अशी कडी बसवली. अकराव्या नगावर एका पोराची दोन बोटं गेली होती. तो माझ्याकडेच कामाला आहे. नवीन मशीन बाहेर पडण्याआधी ती कडी तोच तपासतो आणि त्याची सही असल्याशिवाय मशीन गाडीवर चढत नाही. तुमच्या जुन्या मशीनला अशी कडी बसवता येते. मशीनची बनावट आणि दाराचं माप लिहून पाठवा, रेखाचित्र मी पाठवतो.